आवक-जावक

गुरुवारी शाळा सुटल्यावर आनंदीबाई कर्जतला उतरल्या, तर सिराजभाईंच्या दुकानाचं शटर खाली होतं. त्यावर वहीचं एक पान चिकटवलेलं: ‘डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दुकान महिनाभर बंद राहील. गैरसोयीबद्दल माफी.’ बाईंनी ते पान दोनदा वाचलं. शेजारच्या किराणावाल्याला विचारलं.

“मोतीबिंदू,” तो म्हणाला. “दोन्ही डोळ्यांत. एक डोळा झाला सोमवारी. दुसरा अजून व्हायचाय.”

बाई रिक्षा-स्टँडपर्यंत परत चालत आल्या आणि तिथल्या कट्ट्यावर बसल्या.

आनंदीबाई कोंडाण्याच्या पुढच्या एका वाडीवर मुख्याध्यापिका होत्या. पहिली ते चौथी, चौतीस मुलं आणि दोन शिक्षिका, एवढीच शाळा. सव्वीस वर्षं शिकवल्यावर तीन वर्षांपूर्वी त्या मुख्याध्यापिका झाल्या, तेव्हा आधीच्या गुरुजींनी त्यांच्या हातात कपाटाच्या किल्ल्या दिल्या, शिक्का दिला आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर शाळेच्या ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड होता. “आता सगळं याच्यावरच येतं,” गुरुजी म्हणाले आणि निवृत्त झाले. बाईंना किल्ल्या कळल्या, शिक्का कळला. चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सिराजभाईंच्या झेरॉक्स-इंटरनेटच्या दुकानात नेली.

तेव्हापासून दर गुरुवारी हेच चाललं होतं. सिराजभाई शाळेचा मेल उघडायचे, आठवड्यात आलेली पत्रं छापून द्यायचे. पासवर्डही त्यांनी बदलला होता आणि नवा त्यांच्याच डोक्यात होता. शाळेत बाईंनी सांगून ठेवलं होतं, की गुरुवारी गुडघ्याच्या शेकाला कर्जतला जावं लागतं. शुक्रवारी सकाळी त्या छापलेले कागद आपल्या सहशिक्षिकेपुढे, श्रद्धापुढे ठेवायच्या. “हे काढून आणलंय गं. माहिती भरून पाठवून दे. तुला काय, कॉम्प्युटर येतो.”

श्रद्धाला कॉम्प्युटर येत नव्हता.

तिच्या सेवापुस्तकात संगणक परीक्षा पास झाल्याची नोंद होती, हे खरं. अकरा वर्षांपूर्वी प्रश्नांची पुस्तिका तोंडपाठ करून ती पास झाली होती आणि त्यानंतर तिनं माऊसला हात लावला नव्हता. फोनवर व्हॉट्सॲप, व्हिडिओ, भाजीवाल्याला पैसे, सगळं जमायचं. पण मेल लिहायचा, त्याला कागद जोडायचा, तो गेला की नाही ते बघायचं, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. पहिल्याच शुक्रवारी ती हे सांगून मोकळी झाली असती. पण पंचावन्न वर्षांची बाई मेल उघडते, छापून आणते, आणि आपण अडतिशीत ‘येत नाही’ म्हणायचं? ती म्हणाली, “पाठवते बाई.” मग तिनं माहिती पेनानं भरली आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, खोपोलीत शीळफाट्याला आपल्या घरी जाताना, स्कूटी कर्जतच्या बाजारात थांबवली. तिथे तिला एकच इंटरनेटचं दुकान माहीत होतं.

सिराजभाईंनी पहिल्याच शनिवारी तो कागद ओळखला. परवाच त्यांनी तो स्वतःच्या यंत्रातून काढून आनंदीबाईंना दिला होता. आता तोच कागद निळ्या शाईनं भरून दुसऱ्या बाई घेऊन आल्या होत्या. त्यांनी माहिती टाइप केली आणि पाठवून दिली. तीन वर्षं, दर गुरुवारी एक बाई आणि दर शनिवारी दुसरी. दोघींनी त्यांना पहिल्याच दिवशी एकच विनंती केली होती: “शाळेत कुणाला बोलू नका हं, भाई.” त्यांनी दोघींचा शब्द राखला.

सिराजभाई कामाला चोख होते, त्यामुळे शाळेची माहिती नेहमी वेळेच्या आधी पोचायची. केंद्रप्रमुख प्रवीण सर, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, बैठकीत सगळ्यांदेखत म्हणायचे, “मेल कसा पाठवावा ते या वाडीवरच्या शाळेकडून शिका.” तेव्हा आनंदीबाई खाली बघायच्या. शेजारी बसलेली श्रद्धाही खाली बघायची. बैठकीतल्या बाकीच्यांना तो विनय वाटायचा.

तर त्या गुरुवारी बाई कट्ट्यावर बसल्या आणि शेवटी रिकाम्या पिशवीनं पोशीरला, आपल्या घरी गेल्या. एक आठवडा मेल बघितला नाही म्हणून काय होतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत प्रवीण सरांचा फोन आला.

“बाई, छपराचा प्रस्ताव अजून आला नाही तुमचा. तुमचा तर सगळ्यात आधी येतो.”

“कुठला प्रस्ताव, सर?” असं बाई म्हणणार होत्या. तोंडातून निघालं, “करतोय सर.”

“मेल बघितलात ना मंगळवारचा?”

“बघितला की.”

“मग सोमवारी पाचच्या आत तालुक्याच्या ऑफिसला पाठवा. शाळेच्याच मेलवरून, फॉर्म, फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला. पाचनंतर आलेलं धरणार नाहीत, आणि व्हॉट्सॲपवरचं तर मुळीच नाही. या वर्षी राहिलात तर पुढल्या वर्षी बघायचं.”

मे महिन्यातल्या वादळात शाळेच्या दुसऱ्या खोलीचे पत्रे उडाले होते. दोन पत्रे खालच्या शेतात सापडले, बाकीचे सापडलेच नाहीत. जूनपासून चारही वर्ग एकाच खोलीत भरत होते. एका भिंतीशी आनंदीबाई तिसरी-चौथीला भागाकार शिकवायच्या आणि समोरच्या भिंतीशी श्रद्धा पहिली-दुसरीकडून बाराखडी म्हणून घ्यायची. दोघी एकमेकींच्या वरताण ओरडायच्या. भागाकाराच्या उत्तरात मध्येच एखादा ‘कै’ यायचा. अजून एक वर्ष असं काढणं बाईंना शक्य नव्हतं.

त्यांनी श्रद्धाला बोलावलं. “छपराचं सोमवारी पाठवायचं गं. फॉर्म सरांकडून व्हॉट्सॲपवर मागवून घे, मी कागदावर आखून भरते. सरपंचांच्या दाखल्याचं मी बघते. तू फोटो काढ आणि पाठवून दे.”

“हो बाई,” श्रद्धा म्हणाली. मग कपाटाकडे बघून म्हणाली, “लॅपटॉप घरी नेते. निवांत करीन.”

शाळेला मिळालेला लॅपटॉप कपाटात टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला होता. श्रद्धानं तो पिशवीत घातला. बाईंना हायसं वाटलं, की हिनं जबाबदारी घेतली. श्रद्धाला धीर होता, की उद्या शनिवार, सिराजभाई आहेत.

शनिवारी दुपारी श्रद्धा दुकानासमोर उभी राहिली आणि तिनंही ते वहीचं पान दोनदा वाचलं.

घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडला. नवऱ्याला, अक्षयला, काही विचारायची सोय नव्हती. तो कंपनीची बस चालवायचा आणि ‘आमच्या मॅडम कॉम्प्युटर शिकलेल्या’ असं चारचौघांत सांगायचा. तासभर धडपडून ती मेलच्या पानापर्यंत पोचली. पानानं पासवर्ड मागितला. तिनं बाईंना फोन लावला.

“बाई, शाळेच्या मेलचा पासवर्ड काय आहे?”

पलीकडे पर्समधले कागद चाळल्याचा आवाज आला.

“तो होय,” बाई म्हणाल्या. “लिहून ठेवलाय कुठंतरी. सोमवारी सांगते.”

“सोमवार शेवटचा दिवस आहे बाई.”

“मग सकाळी लवकर सांगते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवून दिला. असा फोन त्यांनी आजवर कुणाचा ठेवला नव्हता.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला श्रद्धा दहिवलीला सिराजभाईंचं घर विचारत विचारत पोचली. दार त्यांच्या बायकोनं, अख्तरुन्निसाभाभींनी उघडलं. सिराजभाई खाटेवर उशीला टेकून बसले होते, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. श्रद्धानं आधी तब्येत विचारली. मग लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन ती नुसतीच बसली.

“बोला मॅडम,” सिराजभाई म्हणाले. “आवाजावरनं कळलं मला कोण ते. शनिवार चुकला ना?”

ती बोलायला तोंड उघडते तोच दारात चपलांचा आवाज झाला. भाभी म्हणाल्या, “या बाई, या ना आत.” आणि फाईल छातीशी धरून आनंदीबाई आत आल्या.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“गुडघा,” आनंदीबाई म्हणाल्या.

“मी... तब्येत बघायला,” श्रद्धा म्हणाली.

भाभी एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. सिराजभाईंनी चष्मा न काढता मान वर केली आणि हसायला सुरुवात केली. आधी हळू, मग खांदे हलवत. भाभी ओरडल्या, “हसू नका, टाक्याला ताण येईल!” पण त्यांना आवरेना.

“अहो बाई,” ते म्हणाले, “तीन वर्षं झाली. गुरुवारचा कागद शनिवारी माझ्याकडेच परत येतोय. मी म्हटलं, या दोघी एका खोलीत बसतात, कधीतरी आपापसात बोलतील.”

आनंदीबाईंच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. “म्हणजे तुला... येत नाय?”

“नाही बाई.”

“अजिबात?”

“अजिबात नाही. मला वाटायचं तुम्हालाच सगळं येतं.”

“मला कुठलं यायला गं!” बाईंचा आवाज चढला. शाळेतली त्यांची भाषा कुठल्या कुठे गेली. “मी तुझ्या भरवशावर हाय! तीन वर्षं रात्रीची झोप नाय मला. कोन येईल आन विचारील, बाई जरा मेल उघडून दाखवा. आन तू...” त्या थांबल्या. समोर श्रद्धाचे डोळे भरले होते, आणि तिच्या तोंडावर मात्र हसू होतं.

“मला पण तसंच व्हायचं बाई. दर बैठकीला.”

मग दोघी हसायला लागल्या. बाईंनी पदरानं डोळे पुसले. गेली तीन वर्षं छातीवर काहीतरी ठेवलेलं होतं आणि ते कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं, असं त्यांना झालं. भाभी चहा करायला आत गेल्या.

चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, “पण भाई, छपराचं उद्या पाठवायचंय.”

“पाठवू की. पण मला पडद्याकडे बघायचं नाही. डॉक्टरनं बजावलंय.”

“आणि मी इथेच बसलेय,” भाभी म्हणाल्या.

“तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसतो. पासवर्ड सांगतो. हात तुमचे, डोळे तुमचे. जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. वाचल्याशिवाय काही दाबायचं नाही.”

सिराजभाई खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले. श्रद्धानं लॅपटॉप चौरंगावर ठेवला. बाई तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. भाभींनी वायफाय जोडून दिलं, तेवढं त्यांना यायचं. पासवर्ड एकेक अक्षर करून आत गेला आणि पान उघडलं.

“काय दिसतंय?”

“नावंच नावं,” श्रद्धा म्हणाली. “एकाखाली एक. काही ठळक, काही साधी.”

“ठळक म्हणजे अजून न उघडलेली. डाव्या हाताला काय लिहिलंय?”

“इनबॉक्स. त्याच्याखाली स्टार्ड. मग सेंट. ड्राफ्ट्स.”

“इनबॉक्समध्ये आलेली पत्रं. सेंटमध्ये आपण पाठवलेली.”

आनंदीबाई चष्मा सारखा करून पडद्याजवळ सरकल्या. “थांबा थांबा,” त्या म्हणाल्या. “आलेली एकीकडे, गेलेली एकीकडे? म्हणजे ही आवक, आणि ही जावक?”

भिंतीकडून आवाज आला, “बरोबर.”

“तारीख पण हाय का?”

“उजव्या हाताला.”

“मग हे आवक-जावक रजिस्टरच झालं की!” बाई श्रद्धाकडे वळल्या. “एवढी वर्षं मी कशाला घाबरत होते गं?”

त्यानंतर काम भराभर पुढे गेलं. नवा मेल लिहायला कोरं पान उघडलं, तेव्हा श्रद्धा वाचत गेली आणि बाई एकेक शब्द ओळखत गेल्या. सगळ्यात वरची ओळ ज्याला पाठवायचं त्याची. “प्रति,” बाई म्हणाल्या. दुसरी ओळ सब्जेक्ट. “विषय.” कागदाच्या क्लिपचं चित्र कशासाठी, असं श्रद्धानं विचारलं, सिराजभाई म्हणाले, जोडायच्या कागदांसाठी. “सोबत: वरीलप्रमाणे,” बाई म्हणाल्या. बाजूला सीसी होतं. ते काय, हे समजल्यावर बाई म्हणाल्या, “प्रत माहितीसाठी सविनय सादर. प्रवीण सरांना टाक.” हयातभर त्यांनी सरकारी पत्रं लिहिली होती. हे तेच पत्र होतं, फक्त कागद नव्हता. त्याच्या शेजारी बीसीसी होतं. सिराजभाईंनी त्याचा अर्थ सांगितला, की कुणाला प्रत पाठवली ते बाकीच्यांना कळत नाही. बाईंनी मान हलवली. “हे सरकारी कामात चालत नाय. असलं दाबू नको.”

सिराजभाईंनी सांगितलं तशी फोनची वायर लॅपटॉपला लावून श्रद्धा आठ फोटो जोडायला गेली, तर ते जाईनात.

“काय म्हणतंय? वाचा.”

तिनं वाचलं.

“जड झालं. पाकिटात मावेल एवढंच घाला. पाच फोटो घ्या, चांगले.”

कुठले पाच, यावर दोघींचा थोडा वाद झाला. पत्र्यांविना उभ्या लाकडी वाशांचा, भिंतीवरच्या ओलीचा, बाहेर काढून ठेवलेल्या बाकांचा असे निवडले. भरलेल्या फॉर्मचा आणि दाखल्याचा फोनवरच फोटो काढून तो जोडला. बाईंनी मजकूर सांगितला, श्रद्धानं एका बोटानं टाइप केला. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...’ अर्धा तास गेला, पण मजकूर निर्दोष झाला. तालुक्याच्या ऑफिसच्या पत्त्याचा कागद बाईंच्या फाईलमध्ये होता, पण सिराजभाईंनी तोंडपाठ सांगितला, तोच घातला.

“आता सेंड दाबू?” श्रद्धानं विचारलं.

“माझ्याकडे काय बघता? मी भिंतीकडे बघतोय.”

तिनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. तिनं दाबलं. पान मिटलं, खाली एक ओळ आली आणि गेली. सेंटमध्ये जाऊन बघितलं तर सगळ्यात वर त्यांचं पत्र, वेळेसकट. दोघींनी एकमेकींचे हात धरले. श्रद्धानं लॅपटॉप मिटून टाकला.

निघताना सिराजभाई म्हणाले, “उद्या शाळेत उघडून बघा हां. फोनवरनं नेट कसं द्यायचं ते तुमच्या भाभी दाखवतील. पाठवलं म्हणजे पोचलं असं नसतं.”

सोमवारी प्रार्थना झाली, हजेरी झाली, दोघींनी मुलांना गणितं आणि शुद्धलेखन दिलं. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. अकराच्या सुमाराला लॅपटॉप टाकीच्या कठड्यावर ठेवून श्रद्धानं फोनचं नेट जोडलं. बाई खोलीच्या दारातून एक डोळा मुलांवर, एक टाकीवर ठेवून उभ्या होत्या.

“बाई, उत्तर आलंय!” श्रद्धा म्हणाली. “ठळक आहे.”

“कुणाचं?”

“इंग्रजी नाव आहे. मेल डिलिव्हरी... कुणी मोठे साहेब असतील. कालच आलंय, आपण पाठवलं त्याच मिनिटाला.”

बाई टाकीजवळ आल्या. एका मिनिटात उत्तर देणारा साहेब त्यांनी नोकरीत कधी बघितला नव्हता. “वाच.”

श्रद्धानं अडखळत वाचलं. पत्ता सापडला नाही. तुमचं पत्र पोचवता आलं नाही. तिचा चेहरा उतरला. “बाई, गेलंच नाही ते.”

कालच्या आधीच्या आनंदीबाई असत्या तर त्यांनी आतल्या आत देवाचं नाव घेतलं असतं आणि काहीतरी कारण शोधलं असतं. आता कारण सांगण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा पडद्यावरची ओळ बघितली.

“घाबरू नको. पाकीट परत आलंय,” त्या म्हणाल्या. “पत्ता अपुरा म्हणून पोस्टमन परत आणून देतो, तसं. पत्ता बघू.”

त्या आत जाऊन फाईल घेऊन आल्या. प्रवीण सरांच्या जुन्या पत्रावर छापलेला तालुक्याच्या ऑफिसचा पत्ता त्यांनी अक्षर-अक्षर वाचायला घेतला आणि श्रद्धा पडद्यावर बोट ठेवत गेली. शुद्धलेखन तपासताना ठेवतात तसं. शेवटाकडे बाई थांबल्या. “इथे टिंब हाय. तुझ्याकडे?”

“नाही. भाईंनी सांगितलंच नव्हतं.”

“त्यांचा तरी काय दोष. डोळ्यांपुढे नव्हतं त्यांच्या.”

दुसऱ्यांदा करताना श्रद्धाला कुणी काही सांगावं लागलं नाही. सेंटमधलं पत्र उघडलं, त्यातला मजकूर घेतला, पाच फोटो आणि दोन कागद पुन्हा जोडले, पत्ता टिंबासकट घातला. मध्येच रेंज गेली आणि चक्र फिरत राहिलं. खोलीतून पहिली-दुसरीचा गलका ऐकू यायला लागला. बाईंनी तिथूनच एक हाक मारली, तो थांबला. मग रेंज आली. बाराला पाच मिनिटं कमी असताना पत्र गेलं. दोघी दहा मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. परतीचं पाकीट आलं नाही.

मधल्या सुट्टीत मुलांची खिचडी खाऊन झाली, तरी बाईंनी डबा उघडला नाही. श्रद्धानं दोन घास खाल्ले. दर अर्ध्या तासानं दोघींपैकी एक टाकीपाशी जाऊन येत होती. वाट बघता बघता श्रद्धानं तीन वर्षांची पत्रं चाळायला घेतली. त्यांना वेगवेगळ्या नावांची लेबलं लावता येतात हे तिला तिचंच सापडलं. तिनं ‘पट’, ‘पोषण आहार’, ‘इमारत’ अशी तीन लेबलं केली आणि बाईंना नेऊन दाखवली. बाई म्हणाल्या, “चौथं ‘बैठका’ कर.”

सव्वातीनला उत्तर आलं. ‘आपला प्रस्ताव प्राप्त झाला. छाननीसाठी घेण्यात आला आहे.’ श्रद्धानं ते तिथूनच ओरडून वाचलं. चौतीस मुलांनी काही न समजता टाळ्या वाजवल्या.

बाईंनी लगेच प्रवीण सरांना फोन लावला. “सर, प्रस्ताव पोचला. आणि एक सांगायचं होतं. आम्हाला दोघींना कालपर्यंत मेल पाठवता येत नव्हता.”

“काय म्हणताय? तुमच्या शाळेचं तर मी...”

“ते कौतुक कर्जतच्या सिराजभाईंचं होतं, सर. आमचं नाही. आजचं मात्र आमचं.”

सर हसले. मग म्हणाले, “बाई, बरं केलंत सांगितलंत. पुढच्या बैठकीत तुम्हीच सगळ्यांना दाखवा कसं करायचं ते. मी पहिल्या रांगेत बसतो. मलाही फोटो जोडायचं नीट जमत नाही.”

छपराला मंजुरी जानेवारीत मिळाली आणि फेब्रुवारीच्या शेवटी टेंपोतून नवे पत्रे आले. पण त्या सोमवारी दोघींना यातलं काहीच माहीत नव्हतं. पत्र पोचलं होतं, एवढंच माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. बाईंनी शेवटचा तास खेळाचा जाहीर केला. मुलं अंगणात धावली.

मग बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या, आणि आपण सकाळपासून काही खाल्लं नाही हे त्यांना एकदम जाणवलं. भूक सडकून लागली होती. त्यांनी डबा उघडला. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि वालाचं बिरडं, गार झालेलं.

“ये गं,” त्या श्रद्धाला म्हणाल्या. “तू पण कुठं धड जेवलीस?”

श्रद्धानं लॅपटॉप बंद केला आणि बाईंच्या शेजारी बसून भाकरीचा तुकडा मोडला. समोर कुणाचा तरी चेंडू वाशांमधून उघड्या खोलीत पडला, आणि तो आणायला अर्धी शाळा आत घुसली. बाईंनी बघितलं, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या तोंडात घास होता.